रात्रीच्या सायकलिंगसाठी पुण्याजवळच्या कच्च्या वाटा : कशा शोधायच्या, कुठल्या टाळायच्या?

पुणे : उन्हाचा चटका, दिवसभराची कामं आणि हमरस्त्यावरची वाहनांची गर्दी यामुळे सायकल चालवणारे बरेचजण आता रात्रीची वेळ निवडतात. शहरातली मंडळी हवेली, पुरंदर, दौंडच्या रानवाटांवर येतात. गावातली पोलीस भरतीची तयारी करणारी पोरंही अंधार पडल्यावर सायकल काढतात. डांबरी रस्त्यावर उसाच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या, मागचा दिवा नसलेल्या गाड्या आणि भरधाव डंपर. त्यामानाने कच्ची वाट मोकळी वाटते. पण तिचे धोके वेगळे असतात. विना कठड्याची विहीर, भरलेला कालवा, उसातला बिबट्या आणि चोर समजून जमलेला जमाव यातलं काहीही मोबाईलच्या नकाशावर दिसत नाही.

त्यामुळे रात्रीची वाट दिवसा शोधायची असते. ती कशी शोधायची, पुणे जिल्ह्यात कुठल्या प्रकारच्या वाटा त्यासाठी बऱ्या आणि कुठे अजिबात जाऊ नये, याची ही माहिती.

पायरी पहिली : नकाशा बघा, पण तीन वेगवेगळे

१) उपग्रहाचं चित्र : गुगल मॅपवर सॅटेलाईट दृश्य लावलं की मुरमाच्या वाटा पांढरट किंवा तांबूस रेषेसारख्या दिसतात. रेष सलग असेल तर वाट वाहती आहे. मध्येच हिरवी झाली तर तिथे गवत, काटेरी झुडूप किंवा कुणीतरी नांगरून घेतलेलं रान आहे असं समजावं. चित्र जुनं असू शकतं, हे लक्षात ठेवावं.

२) गाव नकाशा : ‘महाभूनकाशा’ या सरकारी संकेतस्थळावर जिल्हा, तालुका, गाव निवडून गटांच्या हद्दी बघता येतात. तलाठी कार्यालयात किंवा भूमी अभिलेख कार्यालयात गावचा मूळ नकाशा मिळतो. त्यावर गाडीवाट साधारणपणे दुहेरी तुटक रेषेने आणि पाऊलवाट एकेरी तुटक रेषेने दाखवलेली असते. नकाशावरची चिन्हांची सूची आधी बघून घ्यावी. वाट सार्वजनिक आहे की कुणाच्या खासगी रानातून सवयीने पडलेली आहे, हे इथेच कळतं.

३) ऑफलाईन नकाशा : रानात रेंज जाते. ओपनस्ट्रीटमॅपवर चालणारं ‘ऑसमअँड’सारखं ॲप आधी डाऊनलोड करून जिल्ह्याचा नकाशा फोनमध्ये साठवून ठेवला, तर इंटरनेट नसतानाही आपण कुठे आहोत ते दिसतं.

तिन्ही नकाशांवर जी वाट जुळते, ती पुढच्या पायरीसाठी घ्यावी.

पायरी दुसरी : उजेडात दोनदा फिरून या

एकदा जाताना आणि एकदा उलट्या दिशेने. कारण उतारावर जो दगड दिसत नाही, तो चढावर दिसतो. फिरताना फोनमध्ये या गोष्टींच्या जागा टिपून ठेवाव्या :

- वाटेपासून २०-२५ फुटांच्या आत असलेल्या विहिरी, विशेषतः कठडा नसलेल्या किंवा झाडोऱ्यात लपलेल्या. रात्री वळण चुकलं तर हाच सगळ्यात मोठा धोका.
- वाट आडवी कापणाऱ्या चाऱ्या, पाइपलाइनसाठी खणलेले चर आणि मोटारीच्या केबल.
- ओढ्यावरचे फरशी पूल. कठडा नसतो आणि कडेचा भराव खचलेला असतो.
- तारेचं कुंपण, फाटक, वाटेवर आडवी टाकलेली बाभळीची काटेरी फांदी.
- वस्त्या आणि जिथे कुत्री मोकळी असतात अशा जागा.
- डांबरी रस्त्याला बाहेर पडण्याच्या जागा. दर ३-४ किलोमीटरला अशी एक तरी जागा हवी.
- रेंज कुठे येते आणि कुठे जाते.

पहिल्यांदा १० ते १५ किलोमीटरचा, फिरून त्याच जागी येणारा फेरा पुरे. कच्च्या वाटेवर रात्रीचा वेग दिवसाच्या निम्मा धरावा. दिवसा एक तास लागला तर रात्री दोन तास लागतील, असा हिशोब ठेवावा.

पायरी तिसरी : गावात सांगून ठेवा

ही पायरी शहरातले लोक बहुतेक वेळा गाळतात आणि पुढे भांडण तिथूनच सुरू होतं. २०२४ साली पुणे जिल्ह्याच्या ग्रामीण भागात रात्री ड्रोन फिरत असल्याच्या चर्चेनं गावोगावी लोक गस्तीला बाहेर पडले होते. अशा वातावरणात रात्री साडेनऊला पाच-सहा जण डोक्याला बॅटऱ्या लावून उसाच्या कडेने निघाले, तर वस्तीवरचे लोक काय समजतील? धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात जुलै २०१८ मध्ये निव्वळ अफवेवरून पाच निरपराध माणसांचा जीव गेला. ती आठवण अजून ताजी आहे.

म्हणून पोलीस पाटील, सरपंच किंवा ग्रामसुरक्षा दलातल्या कुणाला तरी आधी सांगावं : किती जण येणार, कुठून शिरणार, किती वाजता बाहेर पडणार. गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक ओळ टाकली तरी निम्मं काम होतं. वाटेत कुणी अडवलं तर थांबावं, चेहऱ्यावर बॅटरी मारू नये, नाव-गाव सांगावं. ज्यांच्या रानाकडेने वाट जाते त्या शेतकऱ्याला दिवसा भेटून विचारणं हा तर साधा शिष्टाचार झाला. “इथनं जा, पण फाटक लावून घ्या,” असंच बहुतेकजण म्हणतात. फाटक उघडं राहून जनावरं पिकात शिरली, की पुढच्या वेळी वाट बंद.

कुठल्या वाटा बऱ्या?

*पाणंद आणि गाडीवाट* : रात्रीसाठी हा सगळ्यात भरवशाचा प्रकार. दोन्ही बाजूंना बांध, मध्ये बैलगाडी-ट्रॅक्टर जाईल एवढी रुंदी आणि गावातल्या माणसांची सतत ये-जा. सरकारच्या मातोश्री ग्रामसमृद्धी शेत-पाणंद रस्ते योजनेतून जिथे खडी-मुरूम पडला आहे, तिथे सायकल चांगली पळते. पुरंदरमध्ये सासवडच्या आसपास आणि दौंड-हवेलीच्या सीमेवर गावांना जोडणाऱ्या अशा वाटा पुष्कळ आहेत. ऊस दोन्ही बाजूंनी उभा असेल तर मात्र ती वाट त्या हंगामापुरती सोडून द्यावी. कारण पुढे दिलं आहे.

*माळरान* : सासवड, जेजुरी, मोरगाव हा पट्टा पर्जन्यछायेचा. पाऊस कमी, जमीन मुरमाड, झाडोरा विरळ. चांदण्या रात्री लांबवर दिसतं आणि चिखलही लवकर वाळतो. मात्र सुप्याजवळचं मयूरेश्वर अभयारण्य हे चिंकारांचं घर आहे. तिथे रात्री जायचं नाही. माळावर लांडगा, खोकड, तरस यांचाही वावर असतो. ती सहसा माणसाच्या वाटेला जात नाहीत. आपणही त्यांच्या मागे उजेड घेऊन लागू नये.

*कालव्याकडेचा रस्ता* : खडकवासल्यातून निघणारा मुठा उजवा कालवा सुमारे २०० किलोमीटरचा आहे. तो शहरातून हडपसर, लोणी काळभोर, उरुळी कांचनमार्गे दौंड आणि पुढे इंदापूरकडे जातो. नीरा डावा कालवा बारामतीच्या पट्ट्यातून जातो. कडेचा रस्ता सपाट असल्याने मोह होतो. पण हा रस्ता जलसंपदा विभागाच्या कामासाठी असतो. जिथे फाटक किंवा मनाईचा फलक आहे तिथे जाऊ नये. आवर्तन सुरू असताना तर रात्री कालव्यावर जाऊच नये. अस्तरीकरण केलेल्या कालव्याची बाजू शेवाळाने निसरडी असते. आत पडलेल्या पोहणाऱ्यालाही हाताला काही लागत नाही. आवर्तन कधी आहे ते पाटकऱ्याला विचारलं की नेमकं कळतं. कालवा कोरडा असला तरी सायकल पाण्यापासून लांबच्या कडेने चालवावी.

कुठे जायचं नाही?

- वनक्षेत्र आणि टेकड्या : राखीव वनात परवानगीशिवाय शिरणं गुन्हा आहे. सिंहगड परिसर असो की शहरातल्या टेकड्या, अंधार पडल्यावर तिथे सायकल नेऊ नये.
- सुनसान घाट : बोपदेव घाटात ऑक्टोबर २०२४ मध्ये रात्री गंभीर गुन्हा घडला होता. घाटातली आडबाजूची ठिकाणं, जिथे मदतीला माणूस नाही, ती टाळावी.
- लष्कराची हद्द : खडकवासल्याजवळची एनडीए, देहूरोड, दिघी या भागांत संरक्षण खात्याची मोठी जमीन आहे. फलक दिसला की मागे फिरायचं.
- दगडखाणी : वाघोली, मोशी भागात खोल खाणी आहेत. कडेला कठडा नाही, आणि खाणीकडे जाणारी वाट अंधारात सरळ रस्त्यासारखीच दिसते.
- धरणाचा पाणलोट : पाणी मागे सरकलं की वरून कोरडा आणि आतून ओला गाळ राहतो. त्यात चाक रुततं, पायही रुततो.

बिबट्या : घाबरू नका, पण गृहीतही धरू नका

जुन्नर, आंबेगाव, खेड, शिरूर हे चार तालुके जुन्नर वनविभागात येतात. इथला बिबट्या उसात वाढलेला आहे. दौंड, हवेली, बारामतीकडेही तो आता दिसतो. या चार तालुक्यांत उसाच्या पट्ट्यातून रात्री हौसेची सायकल चालवू नये, हा साधा नियम. गावकऱ्यांनी माणसं गमावली आहेत. ज्यांना पाणी धरायला रात्री जावंच लागतं, त्यांची गोष्ट वेगळी. पण हौसेसाठी तो धोका घेण्यात शहाणपण नाही.

इतर भागातही पुढच्या गोष्टी पाळाव्या :

- एकट्याने जाऊ नये. तीन-चार जणांनी, एकमेकांना दिसतील इतक्या अंतराने चालावं. शेवटचा गडी मागे पडू देऊ नये.
- बोलत, घंटी वाजवत जावं. शांतपणे अचानक समोर जाणं हेच धोक्याचं.
- उसाच्या कडेला वाकून किंवा खाली बसून पंक्चर काढू नये. बसलेलं माणूस बिबट्याला लहान जनावरासारखं दिसतं. सायकल ढकलत मोकळ्या जागी न्यावी. एकाने काम करावं, बाकीच्यांनी उभं राहून चारी बाजूंना उजेड ठेवावा.
- बिबट्या दिसलाच तर पळू नये, पाठ फिरवू नये. सायकल मध्ये आडवी धरून, मोठ्याने बोलत हळूहळू मागे सरकावं.
- ऊसतोडीच्या दिवसांत बछडे सापडतात. हात लावू नये, फोटोसाठी थांबू नये. मादी जवळच असते. वनविभागाच्या १९२६ या हेल्पलाईनवर कळवावं.

न दिसणारा धोका : कुंपणातला करंट

रानडुकरांपासून पीक वाचवायला अनेकजण बांधावर तार लावतात. सौरऊर्जेवरचं झटका मशीन असेल तर फक्त हादरा बसतो. पण काही ठिकाणी थेट वीजवाहिनीचा करंट तारेत सोडला जातो. तो बेकायदा आहे आणि जीवघेणा आहे. त्यात रानडुकरं मरतात तशी माणसंही मरतात, कधी कधी तर ज्याने तार लावली त्याच्याच घरातलं माणूस. म्हणून रात्री वाट सोडून पिकात शिरू नये, लघवीसाठीही बांध ओलांडू नये. सायकलीचा दांडा लोखंडाचा किंवा अॅल्युमिनियमचा असतो, दोन्हीतून करंट जातो. ज्या शेतकऱ्यांनी अशी तार लावली आहे त्यांनीही विचार करावा; रात्री त्या बांधावरून जाणारा माणूस शेजारचा असतो.

साप चावला तर

पावसाळ्यात आणि उन्हाळ्याच्या रात्री नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे गारव्याला वाटेवर येतात. सायकलवर बसलेल्याला धोका कमी, उतरून ढकलणाऱ्याला जास्त. घोट्याच्या वरपर्यंतचे बूट घालावे आणि उजेड पायाशी ठेवावा. चावल्यास जखम कापू नये, चोखू नये, दोरीने आवळू नये, मांत्रिकाकडे वेळ घालवू नये. तो हात किंवा पाय हलू न देता १०८ ला फोन करून जवळच्या सरकारी रुग्णालयात न्यावं. उपाय एकच, प्रतिसर्पविष लस. साप पकडत बसू नये.

दिवा, चाक, हवा

रात्रीच्या रानवाटेला दोन दिवे लागतात. एक दांड्यावर, तो वाट दाखवतो. दुसरा हेल्मेटवर, तो वळणात आणि पंक्चर काढताना मान फिरवू तिकडे उजेड देतो. दांड्यावरचा दिवा ५०० ल्युमेनच्या पुढचा असावा. मोबाईलची बॅटरी हा दिवा नव्हे. मागे लाल दिवा आणि चाकांना रिफ्लेक्टर हवेच, कारण वाट शेवटी डांबरी रस्त्यालाच मिळते. समोरून कुणी आलं की दिवा खाली करावा. डोळे दिपलेला मोटारसायकलवाला थेट अंगावर येतो.

आपल्याकडे पंक्चर खिळ्याने कमी, वेड्या बाभळीच्या काट्याने आणि गोखरूने जास्त होतं. दोन इंच रुंदीचा टायर, थोडी कमी हवा, दोन जादा ट्यूब, पंप, पान्हा आणि सॉल्युशनची पट्टी एवढं सोबत असावं. टायरमध्ये सीलंट भरून घेतलं तर बारीक काटा आपोआप बुजतो.

महिना आणि चंद्र बघून ठरवा

जून ते सप्टेंबर : काळ्या मातीत चाक फिरत नाही, चिखल ब्रेकमध्ये भरतो. फक्त मुरमाड माळ निवडावा. ओढ्याला पाणी असेल तर ओलांडू नये.

ऑक्टोबर ते मार्च : हवा छान, पण ऊसतोड सुरू. रात्रीही बैलगाड्या आणि ट्रॉल्या रस्त्यावर. उसाचा पट्टा टाळावा. याच दिवसांत मेंढपाळांचे वाडे रानात बसलेले असतात. त्यांची कुत्री राखणीची असतात, त्यांचं कामच अनोळखी माणसाला अडवणं आहे. वाडा दिसला की उतरून, लांबून, आवाज देत जावं.

एप्रिल-मे : वाटा कोरड्या, दिवस लांब. रात्री सायकल चालवायला हेच दिवस सोयीचे. पाणी जास्त घ्यावं.

चंद्राचा हिशोब गावच्या माणसाला सांगायला नको. पौर्णिमेला सूर्य मावळता चंद्र उगवतो आणि पुढे रोज साधारण पाऊण तास उशीर होतो. संकष्टीचा चंद्रोदय कॅलेंडरवर छापलेला असतोच. पौर्णिमेच्या आधीचे चार-पाच दिवस सगळ्यात चांगले : अंधार पडतानाच चंद्र वर असतो.

वाट अडवली असेल तर

चांगली वाट शोधताना बऱ्याचदा कळतं की नकाशावर वाट आहे, पण जागेवर नांगरट आहे. हा प्रश्न सायकलवाल्यांपेक्षा शेतकऱ्यांचा मोठा आहे. त्याच वाटेने ऊस बाहेर निघायचा असतो, आजारी माणूस दवाखान्यात न्यायचा असतो. वहिवाटीचा रस्ता अडवला असेल तर मामलेदार न्यायालय अधिनियम १९०६ च्या कलम ५ खाली, आणि बांधावरून नवा रस्ता हवा असेल तर महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६ च्या कलम १४३ खाली तहसीलदारांकडे अर्ज करता येतो. वहिवाटीचा रस्ता अडवल्यास सहा महिन्यांच्या आत अर्ज करावा लागतो, ही मुदत विसरू नये. पाणंद मोकळी झाली तर ट्रॅक्टरही जातो आणि सायकलही.

निघण्याआधी एवढं बघा

- घरी आणि गावात एका माणसाला वाट व परतीची वेळ सांगितली का?
- दोन्ही दिवे चार्ज आहेत का? फोन आणि पॉवर बँक?
- कालव्याला आवर्तन आहे का?
- कालपासून वाटेवर कुणी चर खणला, तार लावली, पाणी सोडलं आहे का? एका ओळखीच्या शेतकऱ्याला फोन केला की कळतं.
- पाणी, गूळ-शेंगदाणे, पट्टी, पंप घेतला का?
- ठरलेल्या वेळेच्या तासाभरानंतरही माणूस आला नाही तर कोण शोधायला निघणार, हे ठरलं का?

महत्त्वाचे क्रमांक : पोलीस व इतर आपत्कालीन मदत ११२, रुग्णवाहिका १०८, वनविभाग १९२६. हे तीन क्रमांक फोनमध्ये साठवून ठेवावे आणि सायकलच्या दांड्यावर कागदावर लिहूनही चिकटवावे. फोन पडला-फुटला तर दुसऱ्याच्या फोनवरून लावता येतात.